घरात लाटा, लॅपटॉप कोरडा!

बुधवारी दुपारी पावणेएकला आमच्या डोंबिवलीच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. आतल्या खोलीत सूनबाईची मीटिंग असते. त्या दिवशी बंद दाराआडून तिचे इंग्रजी झरझर ऐकू येत होते. एकाएकी ते थांबले. मग, “हॅलो? हॅलो? माझा आवाज येतोय का?” असे दोनदा झाले, आणि तिसऱ्या खेपेस दार उघडून ती बाहेरच आली. चेहरा पाहून मी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले.

“बाबा, पुन्हा तुटलं. परदेशातले लोक होते समोर. साहेब म्हणाले, घरचं इंटरनेट नीट होत नसेल तर पुढच्या महिन्यापासून रोज ऑफिसात येत जा.”

वाचकांपैकी ज्यांना डोंबिवलीहून सकाळची लोकल धरायची सवय आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ फोड करून सांगायला नको. ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात. जायला दोन तास, यायला दोन. घरात अकरा महिन्यांची नात. नोकरी नवी, सहा महिन्यांच्या उमेदवारीतला पाचवा महिना चालू. म्हणजे प्रश्न लॅपटॉपचा नव्हताच. तान्ह्या पोरीची आई दिवसा घरात असणार की लोकलच्या डब्यात, असा तो प्रश्न होता.

त्या रात्री जेवताना उपायांची जी खैरात झाली ती प्रत्येक घरात होते. चिरंजीव म्हणाले, “लॅपटॉपच जुना झालाय. ऑफिसकडे नवा माग.” शेजारचे जोशी जास्त वेगाची, अर्थात जास्त पैशांची, योजना घ्या म्हणून सांगून गेले. भाच्याने फोनवरून सल्ला दिला की सगळे पुसून विंडोज नव्याने भरा. आमच्या सौ.चे मत असे की, नवी नोकरी लागल्यावर पेढे वाटले तेव्हाच कोणाची तरी दृष्ट लागली. दुसऱ्या दिवशी इंटरनेटवाल्याचा मुलगा आला, राऊटरशेजारी उभे राहून त्याने आपल्या मोबाईलवर वेग मोजला, “लाईन ओके आहे, काका,” म्हणाला आणि चप्पल घालून चालू लागला. बिचाऱ्याचे खोटे नव्हते. लाईन खरोखरच ठीक होती.

मी टेलिफोनच्या नोकरीत ३४ वर्षे काढली आहेत. संगणकातले मला फारसे कळत नाही, पण तुटलेली लाईन शोधणे हा माझा धंदा होता, आणि त्या धंद्याचा पहिला नियम असा की, दोष कोणत्या बाजूला आहे हे कळल्याशिवाय पक्कडीला हात लावायचा नाही. ग्राहकाची तक्रार आली की एक्स्चेंजमधल्या मोठ्या चौकटीवर त्याची जोडी मोकळी करायची आणि आधी पाहायचे : बिघाड आतला की बाहेरचा? बाहेरचा असेल तर खांबापर्यंत की खांबापुढे? प्रत्येक पावलाला निम्मे जग बाद. चार पावलांत माणूस नेमक्या सांध्यापाशी जाऊन उभा राहतो.

वाय-फायचेही तसेच करता येते. बाहेरून काचेची तार घरातल्या डब्यापर्यंत येते, हा पहिला तुकडा. राऊटरपासून लॅपटॉपपर्यंतची हवा हा दुसरा. आणि लॅपटॉपच्या पोटात त्या हवेतल्या लाटा पकडणारे एक छोटे कार्ड असते, ज्याला अडॅप्टर म्हणतात, तो तिसरा. तुटले की त्या क्षणी दोनच गोष्टी पाहायच्या. एक : घरातले बाकीचे मोबाईल चालू आहेत का? दोन : लॅपटॉपच्या कोपऱ्यातले पंख्यासारखे चिन्ह जागेवर राहून “इंटरनेट नाही” असे म्हणते, की चिन्हच नाहीसे होऊन लॅपटॉप पुन्हा नाव शोधू लागतो? चिन्ह जागेवर असेल आणि सगळ्यांचेच बंद असेल, तर दोष राऊटरच्या पलीकडे. खुशाल इंटरनेटवाल्याला फोन करावा. चिन्हच गेले, तर पलीकडच्यांना शिव्या देऊन उपयोग नाही, दोष राऊटर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये कुठेतरी आहे.

मी नातीच्या लसीकरणाच्या फाईलमागची एक कोरी वही काढली आणि सूनबाईच्या टेबलावर ठेवली. “काहीही दुरुस्त करायचं नाही. पाच दिवस फक्त लिहायचं. किती वाजता, तू कुठं बसली होतीस, चार्जर लावला होता का, आणि शेजारचा मोबाईल चालू होता का.”

“बाबा, पाच दिवस? माझी नोकरी जाईल!”

“नोकरी राहावी म्हणूनच सांगतोय. तोवर मीटिंगच्या वेळी मोबाईल वायरने लॅपटॉपला जोड आणि मोबाईलचंच इंटरनेट वाप.” ही सोय पुष्कळांना ठाऊक नसते. मोबाईलच्या हॉटस्पॉटशी हवेतून जोडले तर तेच आजारी कार्ड मध्ये येते. चार्जिंगच्या वायरने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केले तर कार्डाला वळसा पडतो. एरवीच्या कामाला मात्र तिने घरचेच वाय-फाय वापरायचे, म्हणजे वही भरेल.

शुक्रवारी संध्याकाळी वहीत १४ नोंदी होत्या, आणि त्या वाचताना मला एकदम कल्याणचा एक जुना ग्राहक आठवला. त्याच्या फोनवर खरखर यायची. मी उपकरण बदलले, खरखर राहिली. म्हणून जुने उपकरण परत बसवले आणि रस्त्यावरचा सांधा उघडला. आत पावसाचे पाणी. कोरडा केला, तरी खरखर राहिली. तीन आठवडे मी गोल गोल फिरलो. खरे असे होते की सांध्यात पाणीही होते आणि जुन्या उपकरणाची दोरीही आतून तुटलेली होती. मी एक दोष बरा करत होतो आणि दुसरा शिल्लक दिसला की पहिला उपाय चुकीचा समजून रद्द करत होतो. एका लाईनीत दोन दोष! तारेवर काम करणाऱ्या माणसाला याहून मोठा वैरी नाही. घराघरातले लॅपटॉप महिनोन्‌महिने दुरुस्त होत नाहीत, त्यातल्या कित्येकांचे कारण हेच असावे असे मला वाटते. माणसे योग्य उपाय करतात, आणि तो निम्माच लागू पडला म्हणून सोडून देतात.

वहीत दोन तऱ्हा स्पष्ट दिसत होत्या. सहा नोंदी दुपारी साडेबारा ते सव्वाएक किंवा रात्री आठच्या सुमाराच्या. त्या वेळी चित्र गोठायचे, आवाज तुटक यायचा, दोन-तीन मिनिटांत आपोआप सावरायचे, आणि मुख्य म्हणजे त्याच खोलीतल्या मोबाईलवरही चाक फिरत राहायचे. हॉलमधला माझा मोबाईल मात्र ठणठणीत. उरलेल्या आठ नोंदींना वेळेचा धरबंध नव्हता. त्यांत मोबाईल चालू, फक्त लॅपटॉपचे चिन्ह साफ गायब. आणि आठांपैकी सात वेळा चार्जर काढलेला होता, किंवा सूनबाई नातीला भरवून दहा-पंधरा मिनिटांनी परत आली होती.

साडेबारा ते सव्वाएक आणि रात्री आठ. या वेळा मी दोनदा वाचल्या आणि स्वयंपाकघराकडे पाहिले. आमचे स्वयंपाकघर हॉल आणि आतली खोली यांच्या बरोबर मधोमध आहे, आणि ओट्याच्या टोकाला सौ.चा मायक्रोवेव्ह आहे.

“माझ्या मायक्रोवेव्हला कशाला बोल लावताय?” सौ. उसळल्या. “भिशीच्या पैशांतून घेतलाय तो. पाच वर्षांत एकदा कुरकुरला नाही.”

कुरकुरत नाही हेच तर कारण. या भट्टीचा शोधच लाटांच्या धंद्यातून लागला. १९४५ साली अमेरिकेत रडारच्या कारखान्यात पर्सी स्पेन्सर नावाच्या गृहस्थाच्या खिशातले चॉकलेट यंत्राजवळ उभे राहता राहता वितळले, आणि त्यातून अन्न तापवण्याची कल्पना निघाली. पुढे १९४७ साली देशोदेशींच्या परिषदेत अशा कामांना २,४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा नेमून दिला. संदेश पाठवणाऱ्या लोकांच्या दृष्टीने ती गावाबाहेरची पडीक जागा, भट्ट्यांच्या धुराने भरलेली. तिथे कोण दुकान मांडणार? पण पडीक जागेला भाडे नसते. १९८५ साली अमेरिकेने तिथे विनापरवाना संदेशवहनाला मुभा दिली, १९९७ साली बिनतारी जाळ्याचा पहिला सर्वमान्य नियम ठरला, आणि आपल्याकडे २००५ सालापासून हा पट्टा परवान्याविना वापरता येतो. आज वाय-फाय, ब्लूटूथ, बिनवायरचा माऊस सगळे त्याच मैदानात क्रिकेट खेळत आहेत, आणि मैदानाच्या मध्यावर सौ.ची भट्टी पेटते.

प्रमाण पाहा. भट्टी आत सात-आठशे ते हजार वॅट शक्ती ओतते. आपला राऊटर हवेत सोडतो ती साधारण वॅटच्या दहाव्या हिश्शाएवढी. भट्टीच्या दारातून जी अगदी किंचित गळती होते ती माणसाला अपायकारक नाही, ठरलेल्या मर्यादेच्या आतच असते. पण राऊटरच्या कुजबुजीला ती पुरून उरते. घरगुती भट्टीतली लहर विजेच्या ५० आवर्तनांबरोबर सेकंदाला ५० वेळा चालू-बंद होते. म्हणून वाय-फाय पूर्ण मरत नाही. मधल्या फटींतून लंगडत चालते. सूनबाईचा आवाज तुटक येई तो असा.

सौ.चा विश्वास बसेना तेव्हा आम्ही प्रयोग केला. भट्टी रिकामी चालवू नये, म्हणून आत वाडगाभर पाणी ठेवले. मी आतल्या खोलीत चिरंजीवांशी व्हिडिओवर बोलत बसलो. सौ. कळ दाबणार, पण केव्हा ते मला सांगणार नाहीत. तीनही वेळा चिरंजीवांचा चेहरा गोठला तेव्हा मी ओरडलो, आणि तीनही वेळा स्वयंपाकघरातून “हो, आत्ताच लावला” असे उत्तर आले. चौथ्या खेपेस सौ. माझ्या जागी बसल्या आणि मी कळ दाबली. मग त्या काही बोलल्या नाहीत, पण वाडग्यातल्या गरम पाण्याचा चहा झाला.

आता यावर उपाय काय? भट्टी टाकून द्यायची नव्हती. नवीन राऊटरला बहुधा दोन आवाज असतात : एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. दुसऱ्याला भट्टीचे सोयरसुतक नाही, आणि शेजाऱ्यांची गर्दीही कमी. मोबाईलवरच्या एका फुकट ॲपने पाहिले तर आमच्या आतल्या खोलीत शेजारपाजारची २३ नावे दिसत होती, बहुतेक सगळी २.४ वर. तिथे म्हणायला १३ वाहिन्या आहेत, पण रस्त्यावर १३ पट्टे रंगवावेत आणि प्रत्येक गाडी चार पट्टे रुंद असावी तसा तो कारभार. एकमेकींना न घासता फक्त १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या चालू शकतात. ज्यांच्याकडे जुनाच राऊटर आहे त्यांनी या तिघींतली जी सर्वांत मोकळी दिसेल ती निवडावी. मधली ३ किंवा ८ निवडण्याची हुशारी करू नये; त्याने दोन्हीकडच्यांचे धक्के बसतात.

पाचाच्या आवाजात एक उणेपण आहे. तो भिंतीतून जाताना पटकन दमतो. आमचा राऊटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, शोकेसच्या खालच्या खणात होता, आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून सौ.ने क्रोशाचा रुमाल घातला होता. रुमालाखाली हात लावला तर तापलेला तवा! तिथून आतल्या खोलीच्या वाटेत एक लोखंडी कपाट, त्याचा आरसा आणि पाण्याचे भरलेले पिंप. लोखंड आणि आरसा लाटा परतवतात, पाणी त्या पिते. म्हणून लॅपटॉप पाचाशी जोडला जाई, क्षीण झाला की दोनावर उडी मारी, थोड्या वेळाने परत पाचाकडे. कारण दोघांना नाव एकच दिलेले. प्रत्येक उडीला मीटिंगमध्ये एक ठेच.

तेव्हा तीन कामे केली. राऊटर मधल्या पॅसेजात उंच फळीवर उघडा ठेवला. त्यासाठी वायर वाढवायला काही शे रुपये लागले, सगळ्या प्रकरणातला तेवढाच खर्च. दोन्ही आवाजांना वेगवेगळी नावे दिली आणि लॅपटॉपला पाचाचेच नाव शिकवून दोनाचे विसरायला लावले. पाचाची वाहिनी ३६ ते ४८ यांपैकी एक ठेवली. कारण मधल्या काही वाहिन्या रडारबरोबर वाटून घेतलेल्या असतात, आणि रडारची चाहूल लागली की राऊटरला तिथून उठून दुसरीकडे जावे लागते. रुमाल सौ.ने कुकरखाली घ्यायला नेला.

सोमवारपासून दुपारच्या नोंदी थांबल्या. आठांची तऱ्हा मात्र चालूच. चिरंजीव लगेच म्हणाले, “बघा, राऊटर हलवून काही झालं नाही.” मी वही त्यांच्यापुढे धरली.

हा दुसरा दोष लॅपटॉपच्या पोटातला. बॅटरी वाचवण्यासाठी विंडोजला मुभा असते की, काम नाही असे वाटले तर वाय-फायच्या कार्डाची वीज तोडावी. कार्ड झोपते, काही कार्डे मात्र हाक मारल्यावर नीट उठत नाहीत. पाहायचे ठिकाण असे : खाली स्टार्टच्या खुणेवर माऊसचे उजवे बटण दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. त्यात ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली ज्याच्या नावात वाय-फाय किंवा वायरलेस आहे त्यावर दोनदा टिचकी मारा. ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणाऱ्या ओळीपुढची खूण काढून टाका. काही नव्या लॅपटॉपांत हे पानच नसते. तिथे मग ड्रायव्हरकडे वळावे. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाष्या. तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. तक्रार एखाद्या अपडेटनंतर सुरू झाली असेल तर त्याच खिडकीतल्या ‘ड्रायव्हर’ पानावर ‘रोल बॅक’ करून जुना दुभाष्या परत बोलावता येतो. नवा उतरवून ठेवल्याखेरीज जुना काढू नये. नाहीतर वाय-फाय आणण्यासाठी वाय-फाय लागते आणि माणूस विहिरीकाठी तहानेला राहतो. भाच्याने सुचवलेले सगळे पुसणे हा अखेरचा उपाय, पहिला नव्हे. ‘नेटवर्क रिसेट’सुद्धा साठवलेले सगळे पासवर्ड विसरतो, हे ध्यानात घेऊनच करावे.

आमच्या सूनबाईला मात्र यातले काहीच करता येईना. लॅपटॉप ऑफिसचा, ती खूण फिकट, दाबली जात नाही. ऑफिसच्या तंत्रज्ञाला फोन लावला. त्याने जे सगळे सांगतात तेच सांगितले : “मॅडम, राऊटर बंद करून पुन्हा चालू करा.” एरवी ती “बरं” म्हणून फोन ठेवती. या वेळी तिने वही उघडली. “थांबा, मी वाचते. मंगळवार, ११ वाजून २० मिनिटं, बॅटरीवर, मोबाईल चालू, लॅपटॉपचं चिन्ह गेलं. बुधवार, ४ वाजून ५...” पलीकडे शांतता पसरली. मग तो म्हणाला, “मोबाईल वायरने जोडा, मी दुरून लॅपटॉप पाहतो.”

त्याने एक आज्ञा दिली आणि पडद्यावर अहवाल उघडला. विंडोज स्वतःही रोजनिशी ठेवते, हे मला तेव्हा कळले. केव्हा जोडले, केव्हा तुटले, कोणत्या कारणाने, असा मागच्या तीन दिवसांचा आलेख ती काढून देते. तिच्यातल्या वेळा आणि आमच्या वहीतल्या वेळा ओळीला ओळ जुळल्या. पोराने खूण काढली, ड्रायव्हर नवा घातला, आणि सूनबाईने मागितले म्हणून दोन ओळींचे पत्रही पाठवले, की दोष लॅपटॉपच्या वीज-व्यवस्थेत आढळला व दूर केला. ते पत्र तिने साहेबांकडे धाडले. त्यावर तिने स्वतःची एक ओळ जोडली : घराच्या बाजूचा दोषही सापडला असून तो त्याआधीच काढला आहे. ती ओळ लिहिली नसती तरी चालले असते, असे चिरंजीवांचे मत. मला ती आवडली.

आमच्या नशिबी नव्हते असेही दोन-तीन प्रकार आहेत, ते ओझरते सांगतो. राऊटरजवळ झकास चालते आणि दहा फुटांवर मरते, शेजारचा मोबाईल मात्र ठीक, तर कार्डावरच्या दोन केसासारख्या बारीक तारांपैकी एखादी निसटली असण्याचा संभव असतो. विशेषतः लॅपटॉप पडला असेल किंवा बिजागरी बदलली असेल तर. ते काम घरच्या स्क्रू-ड्रायव्हरने करू नये. लॅपटॉपच्या कुशीला यूएसबीचा हब किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावली की २.४ चे वाय-फाय अडखळत असेल, तर ती वस्तू वीतभर वायरने दूर करून पाहावी; वेगवान यूएसबी त्याच पट्ट्यात खरखर करते. आणि मुलाखत, परीक्षा, परदेशाशी बोलणी अशा वेळी साध्या लॅन वायरीसारखे सुख नाही. पातळ लॅपटॉपला तिचे भोक नसते, पण त्यासाठी छोटा जोड मिळतो. टेलिफोनच्या माणसाचे तारेवर थोडे जास्तच प्रेम असते, हे सोडून द्या.

पुढच्या बुधवारी पावणेएकला सूनबाई नेहमीप्रमाणे दार लावून बसली. मोबाईलची वायर तिने मुद्दाम काढून ठेवली होती. नात माझ्या मांडीवर. सौ. वरणाची वाटी मायक्रोवेव्हमध्ये ठेवून, कळीवर बोट टेकवून उभ्या. आतून झरझर इंग्रजी येत होते.

“अहो, दाबू का?” त्यांनी खुणेने विचारले.

मी मान हलवली. भट्टी घुमू लागली. आम्ही दोघे श्वास रोखून दाराकडे पाहत होतो. एक मिनिट झाले, दीड झाले, आतले बोलणे चालूच. दोन मिनिटांनी भट्टीची घंटा ‘टिंग’ करून वाजली, आणि आत एकदम हशा पिकला.

मीटिंग संपवून सूनबाई बाहेर आली ती पदराने डोळे पुसत हसत. “आई, तुमची घंटा ऐकू गेली त्यांना तिकडे! विचारत होते, जेवणात काय आहे म्हणून.”

“मग काय सांगितलंस?” सौ.नी वाटी तिच्यापुढे सरकवली.

“वरण-भात म्हटलं. वरणाला शब्द सापडेना, तर तिथं मात्र अडखळले.”